उद्यानातील मूठभर माती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत एक पुष्प मी गुंफावे असे कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा तंजावरच्या भोसल्यांविषयी मी काही बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. ती रास्तच होती. मी इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि त्यानंतरची सारी वर्षे केंद्र सरकारच्या लेखापरीक्षणाच्या कामात गेली. सूक्ष्मजीवशास्त्रात माझा काडीचाही अधिकार नाही. तरीही मी मातीतल्या जिवाणूंचा विषय निवडला. या विषयातील एक हकीकत पुण्याजवळ पिंपरीस सुरू होते आणि तंजावरच्या नारळीच्या बागांपर्यंत येऊन पोहोचते. आपण या दोन्ही मुलखांचे वारस असूनही ती आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानांवर आली असेल. तेव्हा कार्यवाहांना तंजावर मिळेलच. फक्त वाट जरा वेगळी आहे.

महाराष्ट्रातून येथे आलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट पहिल्या वर्षी चुकल्याचुकल्यासारखी वाटते. मृग कोरडा जातो, आषाढ कोरडा जातो, आणि आपण सवयीने आभाळाकडे पाहत राहतो. मग ऑक्टोबरात ईशान्येचा मोसमी पाऊस येतो आणि गावाकडे जूनमध्ये येणारा तोच मातीचा वास मैलापूरच्या नागेश्वरराव उद्यानात दरवळू लागतो. त्या वासाला आपण मृद्गंध म्हणतो. उत्तर प्रदेशात कनौजला तो अत्तरात पकडून विकतात. या वासातील मुख्य द्रव्य कोणते, हे १९६५ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी शोधून काढले आणि त्याला जिऑस्मिन असे नाव दिले. हे द्रव्य मातीच्या खनिजांतून येत नाही. मातीतले जिवाणू, त्यांतही विशेषतः स्ट्रेप्टोमायसीस या कुळातील जिवाणू, ते तयार करतात. पहिल्या सरीनंतर आपण डोळे मिटून जो श्वास घेतो, त्यात या जिवाणूंच्या उद्योगाचा वास असतो. आज आपल्याला याच कुळाची ओळख करून घ्यावयाची आहे.

चमचाभर बागेची माती घेतली तर तिच्यात काही कोटींपासून अब्जांपर्यंत जिवाणू असतात आणि त्यांच्या हजारो जाती असतात. एवढी दाट वस्ती आपल्या पॅरीज कॉर्नरलाही नसेल! जेथे दाटी असते तेथे जागेसाठी आणि अन्नासाठी झगडा आलाच. स्ट्रेप्टोमायसीस कुळाचे जिवाणू पळू शकत नाहीत. ते बुरशीसारखे तंतू पसरून एका जागी राहतात. बहुधा शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी ते निरनिराळी रसायने सोडतात, आणि त्यांच्यापैकी काही रसायने आपल्या रोगजंतूंना मारक ठरतात. आपण ज्यांना अँटिबायोटिक किंवा प्रतिजैविक म्हणतो त्यांच्यापैकी फार मोठा भाग मूळचा असा मातीतून आलेला आहे. पेनिसिलिन मात्र जिवाणूंचे नव्हे, ते बुरशीचे. हा भेद लक्षात ठेवावा, म्हणजे पुढचा घोटाळा टळेल.

या क्षेत्रातील पहिले मोठे यश म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. १९४३ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात रटगर्स येथील कृषी महाविद्यालयात सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याने ते वेगळे केले. जिवाणू मिळाला होता खत घातलेल्या शेतातल्या मातीत, आणि त्याचा दुसरा नमुना एका कोंबडीच्या घशात. १९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वाक्समन यांना मिळाले. शाट्झ त्याआधीच न्यायालयात गेला होता आणि संशोधनातील आपला वाटा त्याने मान्य करवून घेतला होता. असे वाद सरकारी कचेऱ्यांतच होतात असे मानणाऱ्यांसाठी हे सांगितले.

स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावर खरोखर लागू पडणारे पहिले औषध. आपल्या आजोबांच्या पिढीत घरात कोणाला क्षय झाला की मिरजेच्या किंवा पाचगणीच्या आरोग्यधामात पाठवीत. परवडत नसे ते घरच्याच माडीवर वेगळे ताटवाटी घेऊन खंगत. ती भीती संपविण्याच्या कामात आपल्या या शहराचा वाटा मोठा आहे. १९५६ साली येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. चेतपेट येथील आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. रोग्याला आरोग्यधामात न नेता घरीच गोळ्या दिल्या तरी तो तितकाच बरा होतो आणि घरच्या माणसांना अधिक धोका होत नाही, हे या केंद्राने १९५९ साली जगाला दाखवून दिले. त्या पहिल्या प्रयोगातील गोळ्या रासायनिक कारखान्यातल्या होत्या, मातीतल्या नव्हत. परंतु साठीच्या दशकात याच केंद्राने आठवड्यातून दोनदा द्यावयाच्या स्ट्रेप्टोमायसिनचा प्रयोग केला. पुढे उपचाराचा काळ दीड-दोन वर्षांवरून सहा महिन्यांवर आला तो रिफॅम्पिसिनमुळे. ते रिफॅम्पिसिन फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका पाइनच्या रानातून १९५७ साली मिलानला नेलेल्या मातीच्या जिवाणूपासून निघाले. संशोधकांनी त्याला तेव्हा गाजत असलेल्या ‘रिफिफी’ नावाच्या एका चोरांच्या चित्रपटावरून नाव दिले. आज आपल्या देशात क्षयाचा रोगी ही गोळी घेतो, तेव्हा त्या सिनेमाचे नाव नकळत त्याच्या तोंडी असते.

आता पिंपरी. देश स्वतंत्र झाला तेव्हा ही सर्व औषधे बाहेरून येत. १९५४ साली केंद्र सरकारने पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी साहाय्य दिले आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. माझे बालपण चिंचवडला गेले. त्या बाजूच्या लोकांच्या तोंडी तो कारखाना म्हणजे नुसते ‘एच. ए.’. कारखाना आहे, वसाहत आहे, नोकरी पक्की आहे, एवढेच आम्हां मुलांना ठाऊक होते. तेथे औषध नुसते बनत नाही, शोधलेही जाते, हे मला कळले ते पुष्कळ वर्षांनी आणि पिंपरीपासून पुष्कळ दूर.

शोधणाऱ्यांचे प्रमुख होते डॉ. मंड्यम जीरसन्निधी तिरुमलाचार. नावावरूनच कळते की गृहस्थ आपल्या या दक्षिणेकडचे. ते म्हैसूर राज्यातले, मूळचे वनस्पतींवरील तांबेरा आणि काणी अशा बुरशींचे अभ्यासक. परदेशातून आणलेल्या जातींवर पेनिसिलिन पिकवीत बसण्यात त्यांना समाधान नव्हते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील मातीचे नमुने तपासावयास घेतले. ही तपासणी कशी करतात ते थोडक्यात सांगतो. मातीची चिमूट पाण्यात कालवावयाची, ते पाणी पुनःपुन्हा पातळ करून थेंबभर पाणी काचेच्या बशीतल्या आगराच्या थरावर पसरावयाचे. काही दिवसांत ठिपके उगवतात. एकेक ठिपका म्हणजे एकेका जिवाणूची प्रजा. मग त्या ठिपक्याभोवती रोगजंतू किंवा बुरशी पेरून पाहावयाची. ठिपक्याच्या आजूबाजूला वर्तुळाकार जागा स्वच्छ राहिली, तर त्या जिवाणूकडे काहीतरी अस्त्र आहे असे समजावे. हजार ठिपके तपासावेत तेव्हा एखादा कामाचा निघतो, आणि तसले शंभर हाताशी यावेत तेव्हा एखादे औषध. लेखापरीक्षणात वर्षानुवर्षे पावत्या पडताळणाऱ्या माणसाला या कामाबद्दल आपुलकी वाटली तर नवल नाही.

पिंपरीच्याच मातीत त्यांना एक स्ट्रेप्टोमायसीस मिळाला. त्याचे नाव त्यांनी ठेवले स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. ज्ञानेश्वरांच्या आळंदीपासून हाकेच्या अंतरावरचे एक साधे गाव अशा रीतीने लॅटिन धाटणीत जगाच्या शास्त्रग्रंथांत जाऊन बसले. त्या जिवाणूपासून निघालेल्या औषधाची माहिती १९६१ साली प्रसिद्ध झाली. कारखान्याच्या नावातील आद्याक्षरे घेऊन त्याचे नाव झाले हामायसिन. ते बुरशीच्या विकारांवरचे औषध होते. तोंडातला पांढरा चट्टा, कातडीवरची बुरशी, स्त्रियांचे काही विकार, अशांवर ते उपयोगी पडे. बुरशीविरुद्धची औषधे जगात आधीच थोडी आहेत. माणसाच्या पेशी आणि बुरशीच्या पेशी यांची घडण पुष्कळ सारखी असल्यामुळे एकीला मारून दुसरीला वाचविणे अवघड असते.

आपणां सर्वांना २०२१ चा मे महिना आठवत असेल. कोविडच्या दुसऱ्या लाटेतून उठलेल्या रोग्यांना म्युकरमायकोसिसने, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणत होते तिने, गाठले. महाराष्ट्र आणि गुजरात येथे तिचा कहर सर्वांत मोठा होता. अँफोटेरिसिन या इंजेक्शनासाठी लोक या शहरातून त्या शहरात फोन करीत होते. येथून पुण्या-नागपूरला आणि तेथून येथे. कित्येकांचे डोळे काढावे लागले, कित्येक दगावले. ते अँफोटेरिसिन व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीसपासून मिळालेले आहे, आणि रासायनिक घडणीने हामायसिन त्याचेच जवळचे भावंड. हामायसिनने काळी बुरशी बरी झाली असती असे मी मुळीच म्हणत नाही. तसा दावा करण्याची माझी पात्रता नाही आणि हामायसिन पोटातून रक्तात नीट उतरत नाही ही त्याची उणीव प्रसिद्ध आहे. माझे म्हणणे एवढेच की साठ वर्षांपूर्वी जो देश या जातीचे औषध स्वतःच्या मातीतून शोधून काढू शकला, त्याने ते शोधणे पुढे चालू ठेवले असते तर २०२१ मध्ये आपल्या हाती आणखी काय असते, हा प्रश्न कोणा जाणत्याने विचारावयास हवा.

पिंपरीचे दुसरे रत्न म्हणजे ऑरिओफंजिन. हेही मातीतल्या जिवाणूपासूनच निघाले, १९६४ च्या सुमारास. हे झाडांचे औषध. झाडाने ते मुळातून किंवा पानातून आत ओढले की अंगभर पसरते. आणि येथे आपण तंजावरला पोहोचतो. १९५२ च्या सुमारास, एका मोठ्या वादळानंतर, तंजावर जिल्ह्यातील नारळीची झाडे मरू लागली. खालच्या झावळ्या लोंबत, बुंध्यातून तांबूस चीक झिरपे, शेंडा बारीक होई आणि झाड उभ्याउभ्या वाळे. मुळाशी गॅनोडर्मा नावाची बुरशी होती. या रोगाला जगाच्या शेतकीशास्त्रात नाव पडले तंजावर विल्ट, तंजावरची मर. सरफोजी राजांच्या सरस्वती महालामुळे जे नाव विद्येच्या जगात गाजले, ते असे रोगाच्याही नावात गेले!

तामिळनाडूच्या कृषी विद्यापीठाने या रोगावर जे उपाय सांगितले त्यांत पिंपरीचे ऑरिओफंजिन आहे. देण्याची रीत मोठी नामी आहे. बुंध्यापासून थोडे दूर खणून पेन्सिलीएवढे जाड, कोवळे, जिवंत मूळ शोधावयाचे. त्याचे टोक तिरपे कापावयाचे. शंभर मिलिलिटर पाण्यात दोन ग्रॅम ऑरिओफंजिन आणि एक ग्रॅम मोरचूद कालवून ते प्लास्टिकच्या लहान पिशवीत भरावयाचे, मुळाचे टोक त्यात बुडवून पिशवी दोऱ्याने बांधावयाची आणि माती सारावयाची. झाड ते औषध स्वतःच पिऊन टाकते. तीन-तीन महिन्यांनी असे करावयाचे. जोडीला निंबोळी पेंड आणि शेणखत. दवाखान्यात आपल्याला सलाईन लावतात त्याचीच ही उलटी तऱ्हा. मुळा-मुठेच्या खोऱ्यातील प्रयोगशाळेतल्या जिवाणूचा रस कावेरीच्या खोऱ्यातील नारळीने प्यावा, आणि ते जुळवून आणणारा माणूस म्हैसूरचा असावा, याहून अधिक राष्ट्रीय एकात्मता सरकारी भित्तिपत्रकांत मी तरी पाहिली नाही.

पुढे काय झाले ते दुःखाचे आहे आणि ते मी लवकर आटोपतो. परदेशी स्वस्त माल, जुनी यंत्रे, दरांवरील नियंत्रणे अशा कारणांनी नव्वदीच्या दशकात हा कारखाना आजारी उद्योगांत गणला गेला. २०१६ मध्ये त्याची जादा जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय झाला. माझ्या पेशाचा माणूस ताळेबंद पाहतो, आणि ताळेबंदात तोटा स्पष्ट होता हे मी नाकारणार नाही. परंतु ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना दिसत नाही. इमारतीला किंमत असते, जमिनीला तर पिंपरीत सोन्याची किंमत असते. पण वीस वर्षे मातीचे नमुने तपासून हाताला आलेले शहाणपण कोणत्या मथळ्याखाली लिहावयाचे, हे आमच्या संहितेत सांगितलेले नाही.

खाजगी क्षेत्राचेही एक उदाहरण देतो, म्हणजे मी केवळ सरकारी बाजू मांडतो असे वाटू नये. मुंबईत मुलुंडला हेक्स्ट या जर्मन कंपनीची संशोधनशाळा होती. मुलुंडच्या मिठागरातील मातीत तेथील संशोधकांना एक जिवाणू मिळाला आणि त्यापासून मर्सासिडिन नावाचे द्रव्य निघाले. त्याची माहिती १९९२ साली प्रसिद्ध झाली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या काही हट्टी जंतूंवर ते चालते असे दिसले. औषध म्हणून ते अद्याप बाजारात आलेले नाही. पण लोकलगाडीच्या खिडकीतून आपण ज्या मिठागराकडे पाहून नाक मुरडतो, तेथेही असे काही असते.

यावरून मी शहरातील मातीकडे येतो. आजवर अशी समजूत होती की नवी औषधे शोधावयाची तर दूरची अरण्ये, पर्वत, बेटे धुंडाळावीत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये काही शास्त्रज्ञांनी ५९६ ठिकाणची माती गोळा केली आणि त्यांचा अहवाल २०१४ मध्ये आला. त्या एका उद्यानात सूक्ष्मजीवांच्या सुमारे १,६७,००० जाती आढळल्या, आणि त्यांच्यापैकी बहुसंख्य आजवरच्या कोणत्याही नोंदीत नव्हत्या. दिवसभर माणसांची वर्दळ असलेली ती बाग वैविध्यात जगातील दूरदूरच्या रानांच्या तोडीची निघाली. २०१६ मध्ये त्याच शहरातील उद्यानांतून घेतलेल्या २७५ नमुन्यांची तपासणी झाली तेव्हा औषधी द्रव्ये बनविणाऱ्या जनुकांचा मोठा साठा तेथे दिसला. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी सत्तरीच्या दशकात कावाना येथील एका गोल्फच्या मैदानाजवळील माती उचलली आणि तिच्यातील जिवाणूने आयव्हरमेक्टिनला जन्म दिला. त्याबद्दल २०१५ चे नोबेल पारितोषिक त्यांना विल्यम कॅम्पबेल यांच्यासह मिळाले. दुसरे अर्धे चीनच्या तू यूयू यांना. तेच औषध आता हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठी दिल्या जाणाऱ्या तीन गोळ्यांपैकी एक आहे. २०१८-१९ पासून आपल्याकडे ज्या जिल्ह्यांत ही तीन गोळ्यांची मोहीम प्रथम सुरू झाली त्यांत नागपूर होते. नागपूरकर येथे बसलेले आहेत, त्यांच्या घरी या गोळ्या आल्या असतील.

कोणी विचारील, एवढे सगळे मातीत होते तर ते आजवर का सापडले नाही? कारण असे की आगराच्या बशीत उगवतात ते जिवाणू मातीतल्या एकूण जातींच्या शंभरात एखाद-दुसरे. बाकीच्यांना आमची बशी मानवत नाही. आता दोन नव्या वाटा निघाल्या आहेत. एक म्हणजे जिवाणूला त्याच्या मूळच्या मातीतच, बारीक छिद्रांच्या पट्टीत कोंडून वाढविणे. या रीतीने अमेरिकेतील मेन राज्यातील एका गवताळ मैदानाच्या मातीतून टिक्सोबॅक्टिन हे द्रव्य मिळाले आणि २०१५ मध्ये ते जाहीर झाले. दुसरी वाट म्हणजे जिवाणूला वाढविण्याची खटपटच न करता मातीतून सरळ त्याचे जनुकद्रव्य काढून वाचणे. घरधन्याला न भेटता त्याच्या दप्तरावरून त्याचा धंदा ओळखावा, तसे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील शॉन ब्रेडी यांच्या गटाने सामान्य नागरिकांनी पाठविलेली माती अशी वाचून २०१८ मध्ये मॅलासिडिन नावाची नवी द्रव्ये काढली. ती औषधे अजून झालेली नाहीत. त्याला वर्षे लागतील.

आणि वर्षे आपल्याकडे फारशी नाहीत. हा भाग मी थोडा सविस्तर सांगतो, कारण तो आपल्या चेन्नईचा आहे. २०१० साली ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक मासिकात एक निबंध आला. त्याच्या प्रमुख लेखकांत मद्रास विद्यापीठातील तरुण संशोधक कार्तिकेयन कुमारसामी होते. ज्यांच्यावर शेवटच्या फळीतील प्रतिजैविकेही चालत नाहीत असे जंतू रोग्यांत सापडत आहेत, असे त्यात दाखविले होते. चेन्नईत अशा ४४ जंतूंची नोंद झाली होती. त्यांच्यातील जनुकाला नवी दिल्लीचे नाव दिलेले होते आणि त्या नावावरून संसदेपासून वृत्तपत्रांपर्यंत पुष्कळ गदारोळ झाला. नावाचा वाद कालांतराने निवला. जंतू मात्र राहिले. २०१२ मध्ये येथेच वैद्यक संस्थांची परिषद भरून ‘चेन्नई घोषणापत्र’ तयार झाले. त्याच सुमारास केंद्र सरकारने काही महत्त्वाची प्रतिजैविके वेगळ्या अनुसूचीत घातली आणि मार्च २०१४ पासून ती चिठ्ठीवाचून विकू नयेत व त्यांची नोंद दुकानदाराने ठेवावी असा नियम झाला. गोळ्यांच्या पाकिटावर जी उभी लाल रेघ असते, तिचा अर्थ हाच की डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नका.

यात जिवाणूंचाही दोष म्हणता येत नाही. जो जिवाणू विष तयार करतो तो स्वतः त्या विषाने मरू नये म्हणून तोडही बाळगतो, आणि शेजारीही ती तोड शिकतात. कॅनडातील हजारो वर्षे गोठून राहिलेल्या, तीस हजार वर्षांपूर्वीच्या मातीतही अशी प्रतिकाराची जनुके मिळाली आहेत. २०११ चे ते संशोधन आहे. कुलूप आणि किल्ली दोन्ही मातीतच होती. आपण केले ते इतकेच की ज्या स्पर्धेला पूर्वी युगे लागत होती ती आपण शिळ्या गोळ्या गटारात ओतून आणि सर्दीसाठी प्रतिजैविके मागून घाईला आणली. आपल्या घरांतील ज्येष्ठ मंडळी गावाहून येताना औषधांची पिशवी बरोबर आणतात आणि उरलेल्या गोळ्या शेजारच्या पोराला देतात. तो प्रेमाचा भाग असतो, परंतु पोराला नव्या जंतूची भेट देण्याचा तो राजमार्ग आहे.

आता एक कायद्याची गोष्ट, ज्यात मला थोडा अधिकार आहे. १९६४ साली कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावर गेली. तेथील लोक त्या बेटाला रापा नुई म्हणतात. मोहिमेने माती आणली, आणि माँट्रियलच्या एका औषधकंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल या आपल्याच देशातून गेलेल्या शास्त्रज्ञाने तिच्यातील जिवाणूपासून रापामायसिन काढले. कंपनीने प्रयोगशाळा बंद केली तेव्हा सेहगल यांनी जिवाणूचा नमुना आपल्या घरच्या शीतपेटीत जपून ठेवला, म्हणून औषध वाचले. १९९९ मध्ये अमेरिकेत ते मूत्रपिंड रोपणाच्या रोग्यांसाठी संमत झाले. औषधाने कोट्यवधींची उलाढाल केली. बेटावरच्या लोकांना त्याच्या नफ्यातून काही मिळाल्याची नोंद नाही.

असे आपल्याकडे घडू नये म्हणून २००२ चा जैवविविधता कायदा झाला. तो अमलात आणणाऱ्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे मुख्यालय २००३ पासून आपल्याच शहरात आहे, तरमणीला. आपण त्यावरून रोज जात असू. या कायद्यात जैविक संपत्ती म्हणजे केवळ हळद आणि कडुनिंब नव्हे. सूक्ष्मजीवही तिच्यात स्पष्टपणे आले आहेत. परदेशी माणसाने किंवा आयकर कायद्याच्या अर्थाने अनिवासी असलेल्या भारतीयानेही संशोधनासाठी अशी संपत्ती न्यावयाची तर प्राधिकरणाची पूर्वसंमती लागते. हे मी मुद्दाम सांगतो. आपल्यातील पुष्कळांची मुले बॉस्टन, टेक्सास, सिंगापूर येथे शिकत आहेत, आणि एखादी हुशार नात सुट्टीत येऊन आजीच्या तुळशीवृंदावनातील माती डबीत घालून नेऊ पाहील. तिचे कौतुक करावे आणि तिला आधी तरमणीचा रस्ता दाखवावा. शिवाय परदेशी विमानतळावर ती डबी काढून घेतली जाईल, ते निराळेच.

मातीतले जिवाणू जपून ठेवण्याची सोयही आपल्याकडे आहे. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे आणि तेथे एक लाखाहून अधिक जिवाणू गोठवून ठेवलेले आहेत. पिंपरीचे सूत्र पुण्यात या रूपाने तरी तुटलेले नाही, याचे मला समाधान वाटते.

बशीत वाढत नाहीत ते मात्र शीतपेटीत ठेवता येत नाहीत. ते जेथे आहेत तेथेच राहू द्यावे लागतात. माझी तक्रार आहे ती येथे. गिंडीचे राष्ट्रीय उद्यान शहराच्या पोटात जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटर आहे आणि त्याला कायद्याचे कवच आहे. अड्यार खाडीकाठी जेथे कचरा साचत होता तेथे ५८ एकरांचे तोल्काप्पिय पूंगा उभे राहिले आणि २०११ साली खुले झाले. तेथील चिखल पुन्हा जिवंत झाला. परंतु वस्त्यांमधल्या लहान बागांत काय चालते ते सकाळी फिरावयास जाणाऱ्या आपल्या मंडळींनी डोळे उघडे ठेवून पाहावे. चालण्याच्या वाटेला लाद्या, झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट, रोज सकाळी पालापाचोळा झाडून नेणे किंवा कोपऱ्यात जाळणे, आणि वर डासांसाठी धुराळा. पालापाचोळा हेच स्ट्रेप्टोमायसीसचे अन्न. तो नेला की उरते ती केवळ झाडे उभी करण्यापुरती धूळ. स्वच्छतेच्या नावाखाली आपण बागेला उपाशी ठेवतो.

कोल्हापूरच्या प्रा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने घरच्या काडीकचऱ्याची माती करून गच्चीवर भाज्या पिकविण्याचे प्रयोग कितीतरी वर्षांपूर्वी केले, आणि ते पाहून महाराष्ट्रात अनेकांनी ते उचलले. आपल्या मंडळाच्या इमारतीमागे जो मोकळा तुकडा आहे त्यावर गाड्या उभ्या करण्यासाठी फरसबंदी घालण्याचा ठराव कार्यकारिणीपुढे आहे असे ऐकतो. निर्णय कार्यकारिणीचा आहे. तुकड्याच्या निम्म्या भागात फरशी घालावी आणि चिंचेच्या झाडाखालचा निम्मा तसाच ठेवून पाने तेथेच कुजू द्यावीत, अशी सूचना मी येथे लेखी सादर करीत आहे. गाड्यांची अडचण होईल हे मला मान्य आहे. माझी स्वतःची गाडीही तेथेच उभी असते.

कोणास काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे. जैवविविधता कायद्याविषयीचे प्रश्न मला विचारा. औषधांविषयीचे असतील तर पहिल्या रांगेत तीन डॉक्टर बसलेले आहेत.